बोटीला किती मार्क?

माणूस निवृत्त झाला की लोक त्याच्याकडे सल्ला मागायला येतात, असा एक समज आहे. तो खोटा आहे. निवृत्त माणसाकडे लोक येतात ते बँकेचा फॉर्म भरायला पेन मागायला, आणि पेन घेऊन जातात. म्हणूनच परवा संध्याकाळी आमचे शेजारी अण्णा हातात पाच-सहा गुळगुळीत माहितीपुस्तकं घेऊन आले आणि "सर, यातली कुठली क्रूझ चांगली, ते आता तुम्हीच सांगा," म्हणाले, तेव्हा मी मनातून सुखावलो आणि वरकरणी चष्मा पुसला.

अण्णांच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं होतात. आमच्या सोसायटीत पूर्वी अशा वेळी "माथेरान की महाबळेश्वर?" एवढाच प्रश्न असायचा. आता तो "सिंगापूरहून की मायामीहून?" असा विचारतात. बागेतल्या बाकावर बसून, ज्यांना रिक्षाचे सुटे पैसे मोजताना दम लागतो अशी मंडळी बाल्कनीची केबिन आणि आतली केबिन यांतला फरक सांगत असतात.

अण्णा माझ्याकडेच आले याला दोन कारणं होती. एक म्हणजे मी दोन क्रूझ करून आलेला माणूस आहे. दुसरं म्हणजे मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि तेवढीच वर्षं निबंधाचे पेपर तपासले. निबंधाला वीसपैकी तेराच्या वर मार्क दिल्याचं माझ्या हातून कधी घडलेलं नाही. अण्णांच्या थोरल्या चिरंजीवांना मी अकरा दिले होते. ते आता पुण्यात कुठल्याशा संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. मला पाहिलं की अजून वाकून नमस्कार करतात, पण वाकतात ते बरोबर अकरा अंशांतून.

"असा परीक्षक दुसरा मिळायचा नाही," अण्णा म्हणाले. मी पेन काढलं. प्रश्न तीन : वातावरण, करमणूक आणि सेवा. प्रत्येकी वीस मार्क.

आधी परीक्षकाची लायकी सांगितली पाहिजे. मी आयुष्यात तीनच बोटींचा प्रवास केला. तिसरीचं आणि दुसरीचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यांच्याबद्दल जरा वाकडं बोलायचं आहे. पहिलीचं नाव मला आठवत नाही, कारण तेव्हा तिला कोणी नावाने हाक मारत नसे. ती नुसती 'बोट' होती. कोकणची बोट.

साठीच्या दशकात दर मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला जायचो. तिकीट डेकचं. डेकवर ज्याची सतरंजी मोठी त्याचं संस्थान मोठं. आई सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि मी, अशा चार वस्तू ठेवून सरहद्द पक्की करायची. तासाभरात शेजारच्या संस्थानाशी तह व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या डब्यातली भाकरी आमच्याकडे आणि आमच्यातली चटणी त्यांच्याकडे गेलेली असायची. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण करीत करीत दुसऱ्या दिवशी वेंगुर्लं दिसायचं. बोट धक्क्याला यायची नाही, लांब समुद्रातच उभी राहायची. मग पडाव यायचे आणि त्यात माणसं, ट्रंका, पोरं आणि एखादी कोंबडी, हातात येईल त्या क्रमाने उतरवली जायची.

मराठीत बोट दोन प्रकारे लागते. एक बंदराला आणि दुसरी माणसाला. आमची बोट बंदराला लागत नसे, पण त्याची भरपाई ती माणसांना लागून करी. जयगडच्या पुढे गेलं की निम्मा डेक आडवा व्हायचा. अशा वेळी तुमचं डोकं कोणी धरलं, लिंबू कोणी चोखायला दिलं आणि आलेपाकाची वडी कोणाच्या पिशवीतून आली, हे तुम्हाला कधीच कळत नसे. कठड्याशी वाकलेल्या माणसाला मागे वळून पाहायची सवड नसते.

हे ऐकून अण्णा गहिवरले. म्हटलं, थांबा. गहिवरात मार्क वाढतात, आणि ते मला चालत नाही. त्या काळच्या बोटींत माणसं पोत्यांसारखी भरत. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, तिच्यात सहाशेहून अधिक माणसं गेली. माझ्या लहानपणी वीस वर्षांनंतरही बोट जरा कलली की म्हाताऱ्या बायका 'रामदास' असं पुटपुटायच्या, आणि ते समर्थांचं नामस्मरण आहे अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. ऐंशीचं दशक सरता सरता कोकणच्या बोटी थांबल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, आणि बोटीबरोबर आमची बोट लागण्याची सोयही गेली.

आता वातावरण.

अण्णांची माहितीपुस्तकं मी दोन दिवस वाचली आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. यातली कोणतीही कंपनी बोट विकत नाही. प्रत्येक जण बोट सोडून दुसरंच काहीतरी विकतो.

क्युनार्ड कंपनी भूतकाळ विकते. १८४० पासून अटलांटिक ओलांडणारी ही इंग्रजी पेढी. तिची 'क्वीन मेरी २' २००४ साली सेवेत आली. तिच्यावर अजून ठरावीक संध्याकाळी काळा कोट आणि बो घालून जेवायला जायचं असतं आणि त्यानंतर मोठ्या दिवाणखान्यात जोडीने नाचायचं असतं. तुम्ही कुठे जेवणार हे तुमच्या केबिनीच्या भाड्यावर ठरतं. महाग केबिनवाल्यांची पंगत वेगळी, त्याहून महागवाल्यांची आणखी वेगळी. आपल्याकडे पंक्तिभेद मोडायला किती जणांनी आयुष्यं खर्च केली, आणि तिकडे तो जादा पैसे भरून मिळतो. या बोटीवर कुत्र्यांनाही राहायची सोय आहे, आणि त्यांच्या नैसर्गिक गरजेसाठी एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन पाण्याचा बंब असं दोन्ही ठेवलं आहे. कुत्र्याच्या राष्ट्रीय भावनेचा एवढा विचार केलेला मी दुसरीकडे वाचला नाही. वीसपैकी बारा.

कार्निव्हल कंपनी जत्रा विकते. १९७२ साली तिची पहिली बोट मायामीहून निघाली ती बाहेर पडता पडताच वाळूत रुतली. निघताना नारळ फोडला नसणार. पण तिथून सुरुवात करून या मंडळींनी 'मौजेची बोट' असं आपलं वर्णन केलं, तिकिटं स्वस्त केली, आणि एवढा पैसा मिळवला की १९९८ साली क्युनार्डच विकत घेतली. म्हणजे जत्रा आणि राजवाडा आज एकाच सातबाऱ्यावर आहेत. जत्रेत ढोल वाजणार, हे ठाऊक असूनच आपण जातो. अकरा.

रॉयल कॅरिबियन गाव विकते. १९९९ साली हिने बोटीवर बर्फावर घसरायचं मैदान आणि चढायची भिंत आणली. २००९ च्या 'ओॲसिस' बोटीच्या पोटात बाग केली आणि तिच्यात बारा हजारांहून अधिक झाडं लावली. २०२४ च्या 'आयकॉन'ला वीस मजले आहेत आणि ती गच्च भरली तर साडेसात हजारांवर उतारू मावतात. आमच्या वेंगुर्ल्याचा निम्मा बाजार तिच्यात उचलून ठेवता येईल. गाव आहे, बाग आहे, फक्त गावात कोणी कोणाला "कधी आलात?" विचारत नाही. बारा.

डिस्ने १९९८ पासून बालपण विकते. तिच्या बोटीचा भोंगासुद्धा सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर वाजतो. वायकिंग शांतता विकते. तिच्या समुद्रावरच्या बोटींवर अठरा वर्षांखालच्या मुलांना मज्जाव आणि जुगाराचा अड्डाही नाही. एक कंपनी मुलांसाठी पैसे घेते आणि दुसरी मुलं नसावीत म्हणून. आईबापांनी आधी एकीवर जावं आणि मग दमून दुसरीवर. दोघींना बारा-बारा.

आणि आपली मराठी माणसं बहुसंख्येनं जिच्यावर चढली ती स्टार क्रूझेस. १९९३ साली निघालेली कंपनी. तिची 'सुपरस्टार व्हर्गो' १९९९ ची. पर्यटन कंपन्यांच्या सिंगापूर-मलेशियाच्या सहलीत दोन-तीन रात्री हिच्यावर असत, आणि आमच्या पिढीच्या पुष्कळांनी हिच्यावरच प्रथम कॅप्टनबरोबर फोटो काढून तो दिवाणखान्यात लावला. २०२२ साली तिची मालक कंपनी बुडाली. बोट मात्र नाव बदलून पुन्हा फिरू लागली. मुंबईहून २०२१ पासून निघणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' हीदेखील मूळची १९९० ची 'नॉर्डिक एम्प्रेस'. नाव बदलत बदलत ती आपल्या घरी आली आणि जैन जेवण वाढू लागली. जाऊन आलेले सांगतात की तिचं वातावरण लग्नघराचं आहे. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. लग्नघरात निदान भांडण तरी ओळखीच्या माणसाशी होतं. तेरा.

"तेरा!" अण्णा उडालेच. "म्हणजे माझ्या मुलापेक्षा दोन जास्त?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढच्या प्रश्नाकडे वळलो. करमणूक.

करमणुकीच्या बाबतीत सगळ्या कंपन्यांचा पेपर एकमेकींचा पाहून लिहिल्यासारखा आहे. रोज रात्री तुमच्या केबिनीत दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापून येतो, नाहीतर फोनवर दिसतो. सकाळी सातला योगासनं, नऊला नॅपकिनच्या घड्या, दहाला नाच शिका, अकराला तंबोला, बाराला आणखी काही, आणि मधल्या प्रत्येक रिकाम्या अर्ध्या तासात खाणं. शाळेचं वेळापत्रक यापेक्षा सैल असतं. निदान आमच्याकडे खेळाचा तास म्हणून एक तास कोणी काही शिकवत नसे.

सिंगापूरच्या सहलीत आमच्या गटाच्या मॅनेजरने बोटीच्या कार्यक्रमावर आमचा स्वतःचा कार्यक्रम बसवला होता. त्यामुळे बोटीवर सर्कशीचे खेळ चालू असताना आम्ही चाळीस जण आठव्या मजल्यावरच्या कोपऱ्यात अंताक्षरी खेळत होतो. दूर देशी जाऊन डोंबिवलीतलंच करायचं, याला करमणूक म्हणतात. रात्री बोटीने किनाऱ्याची हद्द ओलांडली आणि जुगाराची टेबलं उघडली. देशाची समुद्रातली हद्द साधारण बारा सागरी मैलांवर संपते. माणसाची नीतिमत्ताही तेवढीच लांब जाऊ शकते, हे मला त्या रात्री कळलं. आमच्या गटातले एक अत्यंत सात्त्विक वकील तिथे साठ डॉलर हरले आणि उरलेली सहल लिमलेटच्या गोळ्यांवर काढू म्हणाले.

तिसरी बोट मुलाच्या आग्रहाने घडली. मुलगा न्यू जर्सीत असतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिकडे गेलो असता, "आई-बाबांना क्रूझ दाखवायची," असं सूनबाईने ठरवलं आणि फ्लोरिडाहून सात दिवसांच्या बोटीवर आम्हाला चढवलं. तीन हजार उतारू. सुटण्याआधी सगळ्यांनी आपापल्या संकटकाळच्या जागेवर हजर व्हायचं असतं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडून ३२ माणसं गेली. तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची ही हजेरी झालीच नव्हती. त्यानंतर नियम असा झाला की हजेरी बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटल्या सुटल्याच व्हायला हवी. मी रांगेत उभा राहून 'रामदास'मधल्या लोकांचा विचार करीत होतो. सौ. "जॅकेट धुतात का हो हे लोक?" याचा करीत होती.

एवढं सोडलं तर त्या सात दिवसांत आम्हाला समुद्र आठवावा असं कोणी काहीही केलं नाही. थिएटर होतं, तळी होती, दुकानं होती, लिलाव होता. कठड्याशी जाऊन पाण्याकडे नुसतं बघत बसलेला माणूस सात दिवसांत मला एकच दिसला, आणि तो आजारी आहे का म्हणून त्याच्याकडे दोनदा चौकशी झाली. तो मीच होतो.

करमणूक ही मुळात ज्यांना करमत नाही त्यांच्यासाठी असते. कोकणच्या बोटीवर करमणूक नव्हती म्हणून माणसं एकमेकांशी बोलत. इथे ती एवढी आहे की नवरा-बायकोलाही एकमेकांशी बोलायची वेळ येत नाही, आणि चाळिसाव्या वर्षी काहींना तेच हवं असतं. सरसकट दहा मार्क.

आता सेवा. इथे माझं पेन अडलं.

तिसऱ्या बोटीवर आम्हाला रात्रीच्या जेवणाला रोज तेच टेबल आणि रोज तोच वेटर होता. बऱ्याच कंपन्यांत ही पद्धत आहे. डिस्नेवर तर रोज जेवणघर बदलतं, पण तुमचा वेटर तुमच्या मागोमाग येतो. या बोटींवरच्या नोकरांच्या छातीवर नाव असतं आणि नावाखाली देश असतो. कंपनी अमेरिकेतली, तिची नोंदणी लायबेरिया किंवा पनामातली, बोटीवर झेंडा बहामाचा, खोली झाडणारा फिलिपिन्सचा, आणि उतारू डोंबिवलीचा, असा हा सगळा संसार असतो. आमच्या वेटरच्या नावाखाली 'इंडिया' होतं. मी इंग्रजीतून सूप मागवलं. सौ. माहेरची कुडाळची. तिने पहिला चमचा तोंडात घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्येच्यात मीठ खंय आसा?"

पाठमोरा वेटर गर्रकन वळला. "हाडटां, मावशे. रावात."

पोरगा काणकोणचा निघाला. गोव्याचा. त्यानंतरचे सहा दिवस इंग्रजी बंद झालं. सौ.ने त्याच्या घरची माणसं मोजली, मासळीचे भाव काढले, लग्नाचं विचारलं. तो चार ताटं एका हातावर तोलत हसत उत्तरं द्यायचा. करार आठ महिन्यांचा. आठवड्याची सुट्टी असा प्रकार नाही. बोटीवरच्या माणसाला कोणत्याही सात दिवसांत ७२ तासांहून अधिक राबवता येऊ नये, नाहीतर निदान ७७ तास विश्रांती द्यावी, यांपैकी एक नियम पाळायचा, असा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि २०१३ पासून लागू झाला. ७२ तास म्हणजे किती, हे ज्याने चौतीस वर्षं अकरा ते पाच शाळा केली त्याला मोजायलाही दम लागतो. चौथ्या दिवशी त्याने माझ्यापुढे दुसऱ्याचीच प्लेट ठेवली आणि पाचव्या दिवशी कॉफी गार आणली. डोळे तांबडे होते. परीक्षकाच्या मनात दोन मार्क कमी झाले. ते आपोआप होतात, त्याला इलाज नाही.

आणि तेव्हा मला मामा आठवला.

माझा मामा बोटीवर होता. 'बोटीवर' म्हणजे कोकणच्या नव्हे, विलायतेला जाणाऱ्या. मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजांच्या मोठ्या बोटींवर डेकवरचे खलाशी पुष्कळसे रत्नागिरीकडचे आणि जेवणघरातली, पॅन्ट्रीतली माणसं बरीचशी गोव्याची असत. ओळखीच्या एका गोवेकराच्या वशिल्याने मामा पॅन्ट्रीत चिकटला. वर्षादीडवर्षाने घरी यायचा. ट्रंकेतून वासाचा साबण, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि आजीसाठी एक घोंगडी काढायचा. वेंगुर्ल्यातल्या सगळ्या पोरांत माझा भाव वाढायचा, कारण माझ्या मामाने एडन पाहिलं होतं, सुएझ पाहिला होता, लंडन पाहिलं होतं. एकदा मी त्याला विचारलं, "मामा, मोठा समुद्र कसो असता?"

मामा विडी पेटवत म्हणाला, "समुद्र खंय दिसता रे? आमची पॅन्ट्री खाली. थंय खिडकीच नाय."

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मला ते विनोदी वाटलं आणि मी ते शाळेत सांगून सगळ्यांना हसवलं.

बोटीवरच्या शेवटच्या रात्री वेटरने गोड आणलं आणि जरा घुटमळला. फॉर्म येईल म्हणाला. सेवा कशी वाटली, एकपासून दहापर्यंत आकडा द्यायचा असतो. मग आवाज खाली करून त्याने सांगितलं, की नऊ म्हणजे चांगलं, असं आपण धरतो. वरची माणसं तसं धरत नाहीत. नऊ आला तर एक कुठे गेला ते विचारतात. पुढच्या करारात चांगलं टेबल, बढती, सगळं त्या आकड्यावर. हे सांगताना तो हसत होता, पण ते जेवणघरातलं हसू नव्हतं.

मी केबिनीत आलो. सौ. झोपली होती. कोणीतरी टॉवेलची घडी घालून पलंगावर हत्ती करून ठेवला होता आणि त्याच्या सोंडेत फॉर्मची आठवण देणारा कागद होता. मी पेन घेऊन बसलो.

तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. पण चौतीस वर्षांची सवय आहे. चुकीची प्लेट, गार कॉफी : नियमाप्रमाणे आठ. मी पोरांना तेरा दिले ते दुष्टपणाने दिले नाहीत. खोटे मार्क हे खोटं बोलणंच आहे, असं मी वर्गात सांगत आलो. परीक्षकाने उत्तर तपासावं, पोराचा चेहरा तपासू नये, म्हणून तर पेपरावर नाव नसतं, नंबर असतो. आणि इथे कंपनीने मला हुशारीने परीक्षक केलं होतं. सूप गार ठेवणारी त्यांची व्यवस्था, एका माणसाला इतकी टेबलं देणारी त्यांची व्यवस्था, पण आकडा द्यायचा तो त्या पोरापुढे. बोटीच्या मालकाला किती, असा रकानाच नव्हता.

मी दहा लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी. मग खाली शेरा लिहायची जागा होती, तिथे इंग्रजीत लिहिलं, की या तरुणाला एक सुट्टी द्या. तो शेरा कोणी वाचला असेल असं वाटत नाही. परीक्षकांचे शेरे कोणी वाचत नाही, आकडा तेवढा बघतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सकाळी उतरताना तो दाराशी उभा होता. सौ.ने त्याच्या हातात मुंबईहून आणलेली आलेपाकाची उरलेली पुडी ठेवली. समुद्राबद्दल त्याला विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी माहितीपुस्तकं गोळा केली आणि म्हणाले, "म्हणजे सेवेला किती धरू?"

म्हटलं, अण्णा, त्या रकान्यात मला तपासायचा अधिकार नाही. तुम्ही कुठलीही बोट घ्या. काळा कोट आवडत असेल तर क्युनार्ड घ्या, नातवंडं नेणार असाल तर डिस्ने, नातवंडांपासून सुटायचं असेल तर वायकिंग, आणि बोटीवर पिठलं मागायची हिंमत असेल तर मुंबईहून निघा. वातावरण तिकिटाबरोबर मिळतं आणि करमणूक कागदावर छापून येते. सेवा म्हणजे माणूस असतो. कोकणच्या बोटीवर ते डोकं धरणाऱ्या बाईला कोणी मार्क मागितले नव्हते, म्हणून ती मला साठ वर्षं पुरली. तेव्हा पहिल्या दिवशी वेटरच्या छातीवरचं नाव पाठ करा, आणि शेवटच्या दिवशी फॉर्म आला की डोळे मिटून दहा लिहा. कॉफी गार असली तरी.

अण्णा गेले. रात्री साडेनऊला माझा फोन वाजला. पुण्याहून त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचा निरोप होता :

"सर, सा. न. बाबांकडून कळलं की आपण हल्ली पैकीच्या पैकी मार्क देता. दहावीच्या निबंधाच्या रिचेकिंगसाठी अर्ज कुठे करावा?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण सौ.ला न सांगता माळ्यावरची जुन्या वह्यांची पेटी काढायला शिडी मागवून ठेवली आहे. बारापर्यंत जायची माझी तयारी आहे.